भाऊजींच्या तोंडाचा वास

प्रभुभोजनाचं तबक शेजारच्याच्या हातात देताना आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एक शब्द बोलायची पद्धत आहे. शेजारच्याकडे वळायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं, तबक पुढे करायचं आणि म्हणायचं, तुझ्यासाठी. नवरा वर क्वायरमध्ये उभा होता, म्हणून त्या रविवारी बाकावर माझ्या शेजारी थोरले दीर बसले होते. ते वळले, हसले, म्हणाले, "तुझ्यासाठी," आणि त्या शब्दाबरोबर त्यांच्या तोंडातून जी हवा आली तिच्यात वर लवंग होती आणि लवंगेखाली दारू होती. मी तबक घेतलं. इवले इवले पेले एकमेकांवर किणकिणले. मी माझा पेला उचलला, प्यायले, तबक पलीकडे दिलं, तुमच्यासाठी म्हणाले. जिभेवर नुसता गोड द्राक्षरस होता. भाऊजींनी दारू सोडली त्या वर्षी आमच्या मंडळीनं पेल्यातला आंबवलेला द्राक्षारस बंद करून साधा रस सुरू केला होता, फक्त त्यांच्याकरता, सगळ्यांनी हात वर करून. म्हणजे तो वास पेल्यातून आला असेल ही पळवाटसुद्धा मंडळीनं आधीच बुजवून ठेवली होती. मी पदराला हात पुसले आणि समोर बघत राहिले.

माझं पोट नाकावर चालतं. डेअरीत गावोगावचं दूध येतं त्याची पहिली तपासणी माझ्याकडे असते. कॅनचं झाकण उचललं की लगेच नाक खाली न्यायचं, एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, आत किंवा परत. पुढे नळ्या आहेत, यंत्रं आहेत, पांढऱ्या कोटातली माणसं आहेत, पण दारात मी. पहिला श्वास काय तो खरा. दुसऱ्याला नाक सरावतं आणि तिसऱ्याला उतरलेलं दूधही बरंच म्हणायचं असं वाटायला लागतं. झाकण बंद होईपर्यंत मी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही. बघितलं की त्याची पोरंबाळं दिसायला लागतात आणि नाक बिघडतं. मंडळीत मला ‘नाक’ म्हणतात. प्रेमानं म्हणतात, असं नवरा सांगतो. सासूबाई प्रेमाबिमाच्या भानगडीत न पडता सरळ म्हणायच्या, ही नाकानं कांदे सोलणारी. पण माणसाचं झाकण उचलायचं काम मला कोणीही दिलेलं नव्हतं, आणि इथे तर तोंड आधी दिसलं होतं, वास नंतर आला होता. ते तोंड माझ्या मुलीच्या काकाचं होतं.

तबकं मेजावर परत गेली की मिनिटभर सगळे मान खाली घालून बसतात. आपापलं मन तपासायचं. मी त्या मिनिटात भाऊजींचे बूट तपासले. पॉलिश केलेले, नाड्या नीट बांधलेल्या. प्यायलेला माणूस अशी गाठ मारेल का? पूर्वी मारत नसत. पूर्वी एक बूट दारात आणि दुसरा जिन्यावर सापडायचा, आणि मधल्या पायरीवर स्वतः भाऊजी. नवरा त्यांना काखेत धरून आत आणायचा, फरशी पुसायचा, सकाळी कामावर जायचा, आणि सासूबाई थोरल्याचं ताट झाकून ठेवलंय का ते मला तीनतीनदा विचारायच्या. धाकट्याचं ताट कोणी झाकलेलं मी पाहिलं नाही. तो वेळेवर घरी यायचा ना, त्याला कशाला झाकायचं! मग माझी मुलगी झाली. भाऊजी दवाखान्यात आले, दाढी केलेली, डोळे लाल पण शुद्धीवर, आणि बाळाला हात लावायच्या आधी हात धुऊन येतो म्हणाले. धुऊन आले, आणि तरीही त्यांनी हात लावला नाही. त्या दिवसापासून थेंब नाही. मग काय, मंडळीचा चमत्कार तो! उपदेश करताना पाळकसाहेबांच्या तोंडी तेच, पाहुण्यांसमोर तेच, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत तर खोलीभर तेच. दोन वर्षं त्यांचं हगणंमुतणं नवऱ्यानं काढलं. जीव गेला तेव्हा हात थोरल्याच्या हातात होता आणि धाकट्याला कोणीतरी औषधाच्या दुकानात पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा हातात औषधाची पुडी होती. ती पुडी मी अजून विसरलेले नाही, आणि खरं सांगायचं तर भाऊजींना मी अजून माफ केलेलं नाही.

म्हणूनच मला भीती वाटली. वासाची नाही, माझी. तो वास आला त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी धसकलं हे खरं, पण त्या धसक्याच्या आत कुठेतरी, अगदी तळाशी, बरं वाटलं होतं का? हं, बघा तुमचा चमत्कार! असं काहीतरी? एखादा उर्मट दूधवाला दारात आला की त्याचं दूध आंबट निघावं असं माझ्या मनात येतंच. अशा वेळी मी स्वतःवर विसंबत नाही, शेजारच्या टेबलावरच्या बाईला बोलावते आणि म्हणते, तू हुंग. इथे कोणाला बोलावू? की मला जे हवं होतं तेच नाकानं आणून दिलं? आपल्याला जो माणूस पडलेला हवा आहे त्याच्याबद्दल आपण खरं बोलू शकतो का? आणि नाही बोलू शकत म्हटलं, तर ज्याला कोणी पडलेला बघू इच्छित नाही त्याच्याबद्दल कोण बोलणार? इतक्यात पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. माझं मन तपासायचं राहून गेलं होतं.

मंडळीचा वर्धापनदिन होता. वर्धापनदिनाला भाऊजी साक्ष देतात, देवानं आपल्याला कसं सावरलं ते सगळ्यांसमोर सांगतात. ते उठले, माझ्या गुडघ्यांना लागू नये म्हणून जपून सरकत बाकाबाहेर गेले आणि समोर उभे राहिले. मी बारकाईनं बघत होते. चालण्यात काही नव्हतं. फक्त बोलायला लागायच्या आधी त्यांनी पहिल्या बाकाची पाठ धरली आणि मग ती सोडली नाही. "मी चिखलात होतो," ते म्हणाले. दरवर्षी म्हणतात. मग जिन्यावरच्या बुटाची गोष्ट, तिथे लोक हसतात. मग दवाखान्यातली, तिथे बायका रुमाल काढतात. संडे स्कूलच्या रांगेत माझी मुलगी ओठ हलवत होती. तिला ती साक्ष तोंडपाठ आहे. तिच्यामुळे काकांनी दारू सोडली हे तिला पाढ्यांच्या आधी कळलं. भाऊजींचा आवाज चांगला लागला होता, नेहमीपेक्षा चांगला, किंचित जास्त चांगला. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी गोष्ट चिखलापाशी असतानाच रुमाल नाकाशी धरला होता. दवाखाना यायला अजून अवकाश होता. बाई हळव्या आहेत, मी स्वतःला म्हटलं. वय झालं की रडू लवकर येतं. त्यांच्या शेजारचे गृहस्थ खिडकीबाहेर काय बघत होते कोण जाणे, बाहेर काही नव्हतं. पाळकसाहेब हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते, पण त्यांची खुर्ची नेहमीच्या जागेपेक्षा मागे होती. की होती तिथेच होती आणि मीच आता सगळीकडे नाक खुपसत होते? भाऊजी म्हणाले, "आज मी तुमच्यासमोर स्वच्छ उभा आहे," आणि सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडूनही आमेन निघालं. सवय.

उपासनेनंतर चहा होता आणि चहानंतर संडे स्कूलची मुलं तळ्यावर जाणार होती. मंडळीची व्हॅन भाऊजी चालवतात. तळ्याचा रस्ता डोंगरातून जातो, वळणं अशी की समोरून ट्रक आला तर एकानं थांबावंच लागतं. अंगणात व्हॅन धुऊनपुसून उभी होती आणि मुलं आतापासून खिडकीची जागा माझी, खिडकीची जागा माझी करत तिच्याभोवती नाचत होती. माझी मुलगी नाचत नव्हती. तिची जागा ठरलेली, पुढे, काकांच्या शेजारी. मी पाळकसाहेबांना दारात गाठलं. ते सगळ्यांशी हात मिळवत होते. "पाळकसाहेब," मी म्हटलं, "भाऊजींच्या तोंडाला वास येतोय." त्यांनी माझा हात हातात तसाच ठेवला. "खोकला झालाय त्यांना, ताई. औषधं हल्ली फार उग्र असतात." मग माझ्या मागच्या माणसाकडे बघून ते हसले, मग पुन्हा माझ्याकडे वळले, आवाज खाली आणून म्हणाले, "आणि समजा असलंच काही, तर आपण कोण, ताई? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालो की आपलं मुसळ राहतं. आजचा दिवस मोठा आहे. प्रार्थना करू या." माझा हात सुटला. मागचा माणूस पुढे झाला. मी चार पायऱ्या उतरून अंगणात आले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नुसतं वास म्हटलं होतं. कसला, असं त्यांनी विचारलंच नाही.

अंगणात चहाचे कप वाजत होते, कोणीतरी बिस्किटांचा डबा फिरवत होतं, आणि मी एकेका चेहऱ्याकडे बघत होते. हिला माहीत आहे? ह्याला? म्हातारीचा तो रुमाल? कोणी कोणाचा न्याय करत नव्हतं. किती छान मंडळी! पूर्वी भाऊजी प्यायचे तेव्हा ह्यांतल्याच काहींनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं, सासूबाई त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नव्हत्या. मग भाऊजी सुधारले आणि ह्या लोकांना आपली लाज वाटली, आणि त्या लाजेतून त्यांनी एकच धडा घेतला, की पुन्हा म्हणून कोणाला काही बोलायचं नाही. मीही शहाणी नव्हते. शास्त्र सांगतं की भावाचं चुकलं तर आधी एकटं त्याच्याकडे जा, त्याच्याशी बोल, नाही ऐकलं तर मग दुसऱ्याला घे. आणि मी काय केलं? त्याला सोडून आधी वर चुगली केली, वरून आपण मोठ्या जबाबदार आहोत असा आव आणला. नवरा क्वायरच्या लोकांत उभा राहून हसत होता. त्याला खूण करायला हात वर केला आणि तसाच केसांकडे नेला. त्याला आत्ता सांगितलं तर तो काखेत धरायलाच जाईल. तेवढंच त्याला येतं. हॉलच्या मागे छोटं स्वयंपाकघर आहे. प्रभुभोजनाचे पेले भाऊजी तिथे स्वतः धुतात, कोणाला हात लावू देत नाहीत. मी तिकडे निघाले.

ते नळाखाली पेले विसळत होते, एकेक, आत बोट घालून. बाह्या कोपरापर्यंत वर. खिडकीच्या कडेला व्हॅनची किल्ली ठेवलेली होती. मला बघून म्हणाले, "चहा झाला का तुझा? पोरं तयार आहेत ना?" मी दार लोटून घेतलं. ते दार लागताना करकरतं. त्या आवाजानं त्यांचे हात थांबले. काय बोलायचं ते मी येताना जुळवलं होतं, सौम्य, गोलगोल, तब्येतीपासून सुरू होणारं. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"भाऊजी, प्यायलाय तुम्ही."

"काहीतरीच काय!" ते हसले. हसणं चांगलं होतं. "खोकल्याचं औषध गं. पाळकसाहेबांना विचार."

"विचारलं. तेही तेच म्हणाले. अगदी तेच."

त्यांनी नळ बंद केला. "तुझं नाक डेअरीत ठेवून येत जा. देवाच्या घरात तरी." आता आवाजात ती जुनी धार होती, जिन्यावरची. "तुला पहिल्यापासून मी डोळ्यांत खुपतो. मला काय कळत नाही? आई गेली तेव्हापासून तू माझ्याशी नीट बोललेली नाहीस. वाटच बघत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं. "बघत असेन. माझ्या मनात काळं आहे, ते मी नंतर बघेन. पण माझी पोर तुमच्या शेजारी बसणार आहे आणि वाटेत दरी आहे. मी चुकत असेन तर पाया पडून माफी मागेन, सगळ्यांसमोर. श्वास सोडा."

"काय?"

"तोंड उघडा आणि श्वास सोडा. मी जवळ येते."

आणि मी गेले. दिराच्या इतक्या जवळ मी कधी उभी राहिले नव्हते. त्यांच्या हनुवटीवर सकाळी दाढी करताना कापल्याची खूण होती, आणि खालच्या ओठाला लवंगेचा बारीक तुकडा चिकटला होता. मला वाटलं ते मला ढकलतील. हात उगारतील असंही वाटलं. एके काळी उगारला होता, नवऱ्यावर. त्यांचा जबडा घट्ट होता, नाकपुड्या फुललेल्या, आणि ते माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. बाहेर मुलांनी व्हॅनचा भोंगा वाजवला. मग भाऊजींनी तोंड उघडलं आणि श्वास सोडला, लांब, सगळा, आत काही न ठेवता. वास माझ्या तोंडावर आला. आजचाच नव्हता तो. कालचा, परवाचा, मुरलेला, दात न घासलेल्या सकाळींचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात बरं वाटण्याचा कणही नव्हता, मी शोधला तरी सापडला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडी होती." ते ओट्याला टेकले. "एकदाच म्हटलं होतं. मग दर वेळी एकदाच." त्यांनी ओल्या हातांनी तोंड पुसलं. "येतो ना गं वास?"

"येतो."

"सगळ्यांना येत असेल?"

माझी नजर खिडकीतल्या किल्लीकडे गेली.

"येतो सगळ्यांना," ते म्हणाले. "माझ्याशी हात मिळवताना माणसं श्वास धरतात. मला दिसतं ते. मी मुद्दाम जवळ जायचो. तबक देताना मुद्दाम तोंडाजवळ बोलायचो. कोणीतरी म्हणेल, अरे गाढवा, पुन्हा? म्हणून. पाळकसाहेबांच्या तर कानात बोललो एकदा. ते म्हणाले, देव तुमच्याबरोबर आहे." त्यांना हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. "पूर्वी निदान दारातून हाकलायचे गं. तेव्हा मी होतो तरी."

मी खिडकीतली किल्ली उचलली. ते बघत राहिले, अडवलं नाही. "चला बाहेर" असं म्हणायचं मनात होतं, पण ते ओझं त्यांच्यावर टाकायचा अधिकार मला नव्हता. एकट्याशी बोलायचं ते बोलून झालं होतं. मी दार उघडून एकटीच अंगणात आले.

"व्हॅन जाणार नाही," मी मोठ्यानं म्हटलं. मुलांनी एकच गलका केला. कोणाची तरी आई म्हणाली, "अहो, आता? डबे भरलेत आम्ही." कोणी म्हणालं, चाक पंक्चर आहे का, कोणी म्हणालं, नाक आज कशावर रुसलंय? नवरा गर्दीतून माझ्याकडे आला. माझ्या हातातली किल्ली बघून त्याचा चेहरा उतरला, आणि त्या उतरण्यातच मला कळलं की त्यालाही माहीत होतं, आणि तो कोणाच्याही आधी फरशी पुसत होता. "घरी बोलू," तो दातांतल्या दातांत म्हणाला, "तमाशा नको. किल्ली दे. मी चालवतो ना." त्याला व्हॅन चालवता येत नाही. पाळकसाहेब हातात कप घेऊन पायऱ्या उतरत आले. "ताई, काय ठरलं होतं आपलं? आपण न्याय करणारे कोण?" त्यांचा स्वर खरोखर मायेचा होता. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. "पाळकसाहेब, शेवटचा न्याय देवाचा," मी म्हटलं, "पण गाडीचा मला करावा लागतोय." सगळे बघत होते, आणि कारण सांगितलं तर एका माणसाला सगळ्यांसमोर नागडं करणं होतं, नाही सांगितलं तर पाच मिनिटांत कोणीतरी दुसरी किल्ली काढली असती. मुलगी व्हॅनच्या पुढच्या सीटवरून उतरून आली आणि तिनं माझा हात धरला. ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होती. "काका," ती ओरडली, "आई बघा ना! चला ना आपण!"

भाऊजी हॉलच्या कडेनं आले होते. बाह्या अजून वर, हात ओले. ते व्हॅनकडे गेले नाहीत, पाळकसाहेबांकडेही गेले नाहीत. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि मुलीसमोर वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड तिच्या तोंडापासून मुद्दाम लांब धरून.

"आज नाही, बाळ," ते म्हणाले. "काका प्यायलाय."

कोणाचा तरी कप बशीवर वाजला. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. भाऊजी सरळ झाले. समोरची माणसं एक एक पाऊल मागे सरकत होती, माझा नवरासुद्धा, पाळकसाहेबसुद्धा, कोणी मुद्दाम नाही, जागा करून द्यावी तशी. भाऊजींना धाप लागली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर तो वास येत होता. मी श्वास धरला नाही. मुलीनं माझा हात सोडला आणि त्यांचा ओला हात धरला.